आधी तुझे गुण, मग मशीनचे

पत्र बडोद्याहून आहे. दांडिया बाजारात राहणारी मुलगी, महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी साहित्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी फत्तेगंजच्या एका क्लासमध्ये आयईएलटीएसचे, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीचे निबंध तपासते. दिवाळीनंतर सरांनी तिथे एआय आणलं. आता निबंध आधी सॉफ्टवेअरकडे जातो, बँड (त्या परीक्षेतले गुण) आणि शेरे तयार होऊन येतात, हिने फक्त ‘नजर टाकायची’. निबंधामागचे पैसे निम्मे झाले. मुलांनी चॅटजीपीटीकडून लिहून आणलंय का, हे पकडणारं सॉफ्टवेअरही हिनेच चालवायचं. आई म्हणते, बी.एड. करून मोकळी हो. मामेभाऊ म्हणतो, कोडिंग शीक, पेपर तपासणाऱ्यांचे दिवस संपले. ती विचारते, “मी नक्की काय करू?”

तुझ्या मामेभावाचं अर्धं बरोबर आहे. निबंधावर आकडा टाकण्याचं काम मशीनकडे चाललंय, आणि ते काही या दिवाळीत सुरू झालेलं नाही. एलिस पेज या अमेरिकी संशोधकाने संगणकाकडून निबंध तपासण्याचा कार्यक्रम १९६६ मध्येच मांडला होता. १९९९ पासून जीमॅट या एमबीए-प्रवेश परीक्षेच्या निबंधाला माणसाच्या जोडीने ई-रेटर नावाची प्रणाली गुण द्यायला लागली. पीटीई या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेतलं लेखन तर कित्येक वर्षं मुख्यतः मशीनच तपासत आलंय. आयईएलटीएसचे निबंध मात्र प्रशिक्षित परीक्षक तपासतात. तुझ्या क्लासमधली मुलं शेवटी त्याच माणसासमोर जाणार आहेत, हे सरांना एकदा हसत हसत सांगून बघ.

पेजचा संगणक निबंध वाचत नव्हता. लांबी, स्वल्पविराम, शब्दांची सरासरी लांबी अशा मोजता येणाऱ्या खुणा घ्यायच्या आणि त्यावरून परीक्षकाने किती गुण दिले असते याचा अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत. तिचं पितळ एमआयटीच्या लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये उघडं पाडलं. विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी असा प्रोग्राम केला की दोन-तीन शब्द दिले की भारदस्त पण अर्थशून्य निबंध तयार. तपासणाऱ्या मशीनने अशा निबंधांना भरघोस गुण दिले. आजची एआय इतकी भोळी नाही. तिची खोड वेगळी आहे. ती बरेचदा मधल्या गुणांत घुटमळते, तोच निबंध पुन्हा दिला तर अर्धा बँड इकडेतिकडे होऊ शकतो, आणि शेरे इतके गोड असतात की मुलाला वाटतं, झालंच की आपलं.

आता तुझं काम. ‘नजर टाकणं’ हे काम म्हणून मला मान्य नाही. समोर ६.५ लिहिलेलं दिसलं की आपलं मन त्याच्याच आसपास फिरतं; ७ द्यायचे तर कारण शोधावं लागतं, ६.५ ला लागत नाही. निम्म्या पैशांत तू मशीनच्या चुकांवर सही करतेयस.

म्हणून एवढं कर. आठवड्यातले वीस-पंचवीस निबंध मशीनचे गुण झाकून स्वतः तपास. टास्क टू, म्हणजे लेखनाचा दुसरा प्रश्न घे, कारण त्याचं वजन टास्क वनच्या दुप्पट असतं. चारही निकषांचे बँड वेगळे लिही: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण. मग मशीनचे बघ आणि दोन्ही एक्सेलमध्ये शेजारी मांड. एका बँडाहून जास्त फरक पडला तिथे दोन ओळींत कारण लिही. काही ठिकाणी तूच चुकलेली निघशील, तेही लिही. माझा अंदाज, सगळ्यात जास्त भांडण पहिल्या निकषावर होईल. प्रश्नाच्या दोन भागांपैकी एकच भाग लिहून बाकी सफाईदार इंग्रजी लिहिणारी मुलं असतात, आणि सफाईला मशीन भुलतं.

असे शंभर निबंध जमले की विद्यापीठातल्या संख्याशास्त्र विभागात कुणाला तरी गाठ आणि ‘क्वाड्रॅटिक वेटेड कप्पा’ शिकून घे. दोन परीक्षकांचं किती जुळतं हे मोजायचं ते माप. २०१२ मध्ये कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर संगणकी निबंध-तपासणीची मोठी स्पर्धा झाली, तिथे याच मापाने निकाल लावला होता. मामेभावाच्या कोडिंगपैकी तुला आज लागणारं कोडिंग इतकंच: हा आकडा काढण्यापुरतं पायथन. त्यासाठी नव्याने बीसीए करू नकोस.

मुलांची नावं मात्र त्या फाइलमध्ये नकोत, आणि त्यांना न विचारता निबंध कुठल्याही फुकट ॲपवर चढवू नकोस. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. क्लासवाले सहसा तिकडे बघत नाहीत.

चॅटजीपीटी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला सरळ नाही म्हण. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजी परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के वेळा ‘हे मशीनने लिहिलंय’ असा निकाल आला. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. साधे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना हाच तिथे गुन्हा ठरतो, म्हणजे तुझा आख्खा क्लास संशयित. ओपनएआयनेही स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैत मागे घेतला. शंका आलीच तर मुलाला समोर बसवून विचार, दुसऱ्या परिच्छेदात तुला काय म्हणायचं होतं? दोन मिनिटांत कळतं.

तुझं खरं भांडवल तू पत्रात एका ओळीत उरकलंयस: घरी मराठी, शाळा गुजराती, वाचन इंग्रजी. गुजराती माध्यमातला मुलगा ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करतो आणि पुढे ‘बट’ घालतो, कारण त्याच्या डोक्यात आपल्या ‘जरी–तरी’सारखी जोडी असते. मशीन ‘बट’ खोडून देतं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा घालतो. बॅचमधले निम्मे हेच करतायत, हे तुला दिसतं आणि तू दहा मिनिटं फळ्यावर घेऊ शकतेस. सरांकडे पैशांची बोलणी करायला जाशील तेव्हा हे घेऊन जा. दर निबंधाचा भाव सोड, तासाचे पैसे माग: आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाशी समोरासमोर बोलणं, आणि महिन्याला गुणांच्या फरकाचा एक कागद. नाही म्हणाले तर एम.ए. संपेपर्यंत टिकव आणि सोड.

आईचा मुद्दा हलका नाही. केंद्रीय विद्यालयात इंग्रजीची पीजीटी, म्हणजे अकरावी-बारावीची शिक्षिका व्हायचं तर एम.ए.बरोबर बी.एड. लागतंच, आणि ते बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचं आहे. शाळेत शिकवायची मनापासून इच्छा असेल तर जरूर कर. बडोद्यात शिक्षण विभाग आहेच, इंग्रजीच्या शिक्षकांसाठी वल्लभ विद्यानगरची एच. एम. पटेल इन्स्टिट्यूटही जवळ आहे. पण ‘मोकळी हो’ म्हणून करू नकोस. पत्रावरून मला वाटतं, तुझा कल मूल्यमापनाकडे आहे: प्रश्न कसा काढावा, निकष कसे लिहावेत, गुण न्याय्य आहेत का. तसं असेल तर हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठाचे अभ्यासक्रम बघ, आणि भाषाचाचणी या विषयावर पीएच.डी.चा विचार कर. परीक्षा घेणाऱ्या संस्था आणि शिक्षणाची सॉफ्टवेअरं करणाऱ्या कंपन्या, दोघांनाही मशीनचे गुण पडताळणारी माणसं लागतात. जागा थोड्या आहेत, त्यामुळे बी.एड.चा फॉर्म भरून ठेवायला हरकत नाही. एआयला शिकवण्यासाठी घरबसल्या नगावर पैसे देणारी कामं मात्र खिशाला ठीक, करिअर म्हणून धरू नकोस. काम कधी बंद होईल ते कुणी कळवत नाही.

बायोडेटात ‘निबंध तपासले’ असं लिहू नकोस. ‘चार निकषांवर शंभर निबंधांचं मूल्यमापन, एआयच्या गुणांशी तुलना’ असं लिही, आणि क्लासचं नाव टाकण्याआधी सरांना विचार.