ती तिसरी ओळ नीट वाच

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा वैतागच आला, खोटं कशाला बोलू. सिम्युलेटरमध्ये टेकऑफला इंजिन घालवलं तरी तुझा आवाज चढत नाही, आणि वैमानिकांच्या निवृत्तीचं वय ६५ वरून ६७ करा अशा मागणीच्या एका कागदावर सही करायची की नाही यावरून तू चार रात्री जागतेस?

तुझं गणित समजलं मला. कॅप्टनसाहेबांनी तुला घडवलं, त्यांनी स्वतः कागद पुढे केला, नाही कसं म्हणायचं. आणि ६५ चं ६७ झालं तर वरचे उशिरा निघणार, तुझी कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मागे जाणार, म्हणजे नाही म्हटलं की तू स्वार्थी. बरं, मग असशील स्वार्थी, काय बिघडलं? बाबांनी डोंबिवलीचं घर गहाण टाकून टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायचं ट्रेनिंग, केलंय तुझं, हप्ते अजून चालू आहेत, कॅप्टनच्या चौथ्या पट्टीचा विचार तू नाही करायचा तर कोणी करायचा? आणि साहेबांचे उपकार आहेतच, ते सही करून फिटत नाहीत आणि न करून बुडतही नाहीत. हे दोन्ही बाजूला ठेव आणि मुळात कागद वाच. मला खात्री आहे तू वाचलेला नाहीस, नुसता घाबरून फोटो काढून मला पाठवलास.

तिसरी ओळ बघ. ६५ नंतर 'वैद्यकीयदृष्ट्या पात्र वैमानिकांना कंपनीच्या गरजेनुसार' मुदतवाढ मिळावी. दिसलं? कंपनीच्या गरजेनुसार. माझं भांडण ६७ शी नाहीच आहे, ह्या दोन शब्दांशी आहे. तारीख कॅलेंडरवर हवी, कुणाच्या मर्जीवर नको. हे मी गेली कितीतरी वर्षं ओरडून सांगतोय आणि आमच्या ग्रुपवर सगळे मला 'आला हा परत' म्हणतात. म्हणू देत.

आता तू म्हणशील सर, पण ६५ ला तरी काय शास्त्र आहे. फारसं नाही, मान्य. मूळ आकडा ६० चा होता आणि त्याची कहाणी तर काही अभिमान वाटावा अशी नाही. १९५९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे सी. आर. स्मिथ यांनी एफएएचे, म्हणजे तिथल्या सरकारी विमान खात्याचे, प्रमुख केसाडा यांना पत्र टाकलं की वयाची मर्यादा घाला, १९६० मध्ये नियम लागू झाला, आणि केसाडा सरकारी खुर्चीवरून उठल्यावर त्याच कंपनीच्या बोर्डावर जाऊन बसले. आता बोल! पुढे २००६ मध्ये आयकाओनं, म्हणजे जगभरच्या विमानवाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, ६५ केलं, कॉकपिटमधल्या दोघांपैकी एकजण साठीच्या आतला हवा या अटीवर, आणि २०१४ मध्ये ती अटही काढली. २०२५ मध्ये आयाटा, म्हणजे एअरलाइन्सची संघटना, मॉन्ट्रिअलला आयकाओकडे ६७ मागायला गेली. जपानमध्ये तर ६८ पूर्ण होईपर्यंत उडवतात. म्हणजे आकडा सरकतो, सरकत राहणार. सरकू दे. पण जो आकडा असेल तो सगळ्यांना सारखा. साहेबांना मिळाला आणि त्यांच्याच बॅचच्या, मॅनेजमेंटशी वाकड्यात असलेल्या कॅप्टनला नाही मिळाला, हे चालणार नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या कंपनीत ५८ ला निवृत्ती होती, लायसन्स ६५ पर्यंत चालायचं, मधली सात वर्षं म्हणजे वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. नाव घेत नाही, तुला माहितीये. ५८ च्या आधी मी फटीग रिपोर्ट, म्हणजे दमलोय असं लेखी कळवणं, बिनधास्त टाकायचो. ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टरवाल्या पोराशी भांडायचो, चीफ पायलटच्या केबिनमध्ये उभा राहून वाद घालायचो, युनियनच्या मीटिंगला पहिल्या रांगेत. ५८ झालं आणि मी गोड झालो. म्हणजे कोणी काही म्हणालं नाही हं, धमकी नाही की काही नाही. नुसता रात्री फोन यायचा, 'सर, एक सेक्टर एक्स्ट्रा होईल का', म्हणजे आणखी एक फ्लाइट, आणि माझ्या तोंडून आपोआप 'पाठव गाडी'. बायको पार्ल्याच्या घरात दाराशी उभी राहून विचारायची, नाही म्हणता येत नाही का तुम्हाला. येत होतं की, पण मार्चमध्ये रिन्यूअल होतं ना.

आणि आता दुसरी बाजू ऐक, ही जास्त महत्त्वाची. जुलैमधली रात्र, मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरत होतो, घाटकोपरवर पाऊस असा की वायपर चालू आहेत की बंद कळू नये. उजवीकडे तुझ्यासारखीच एक फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, हुशार. माझ्या लक्षात आलं की मी 'फ्लॅप्स' म्हणायच्या आधीच तिचा डावा हात फ्लॅप्सच्या लिव्हरवर जाऊन थांबलेला असतो. टॉवरनं सांगितलेली फ्रिक्वेन्सी ती मला हळूच परत सांगतेय, जणू स्वतःशीच बोलतेय. सांभाळून घेत होती मला. लँडिंग व्यवस्थित झालं, कुठे काही खुट्ट नाही. पण खाली उतरल्यावर ती म्हणाली, 'मस्त लँडिंग सर.' झालं, एवढंच. का नाही बोलली? कारण मी ट्रेनिंग कॅप्टन, माझ्या रिपोर्टवर तिचं कॅप्टन होणं. आणि मी दमलोय हे मी का नाही बोललो? माझं कॉन्ट्रॅक्ट. एका कॉकपिटमध्ये दोन माणसं, दोघांच्या तोंडाला कुलूप, आणि मागे केबिनभर लोक निवांत झोपलेले. मला कोणी हार्ट अटॅकची भीती घालू नये. २००९ मध्ये ब्रसेल्स-नूअर्क फ्लाइटमध्ये ६० वर्षांचे कॅप्टन हवेतच गेले, बाकीच्या दोघांनी विमान नीट उतरवलं, प्रवाशांना उतरेपर्यंत पत्ता नव्हता. त्यासाठीच दुसरी सीट आहे. साठीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल आहे, ईसीजी आहे, सगळं आहे. पण मिंधेपणा कुठल्या ईसीजीत दिसतो ते सांग मला.

त्यानंतर मी रिन्यूअलचा फॉर्म भरला नाही. ६३ ला सोडलं. लोक म्हणाले मेडिकल गेली असणार, एकानं तर साखरेचं नाव घेतलं. मेडिकल पास होती माझी, कागद अजून आहे घरी, हवा तर येऊन बघ. तू म्हणशील, तारीख कॅलेंडरवर हवी म्हणता आणि स्वतः त्या तारखेपर्यंत कुठे थांबलात. थांबलो असतो गं, ६५ ही सरळ तारीख असती तर शेवटच्या दिवसापर्यंत उडवलं असतं आणि फटीग रिपोर्टही टाकले असते. दर मार्चमध्ये हात जोडायला लागणं मला जमेना एवढंच.

तारखा अन्यायाच्याही असतात, ते विसरलेलो नाही. तू मुलगी आहेस म्हणून तर सांगतोच. एअर इंडियाच्या होस्टेसना एके काळी ३५ ला किंवा पहिल्या गरोदरपणात घरी पाठवायचे, आणि तेच काम करणारे पुरुष पर्सर ५८ पर्यंत. १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं गरोदरपणाची अट उडवली. पण त्याच निकालात दुसरी एक गोष्ट उडवली, ती कुणाला आठवत नाही: ३५ नंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर होतं, ते. वाच तो निकाल. मर्जी! माझ्या डोक्यात हा किडा आहे म्हणतात ना, तो चाळीसेक वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टाच्याही डोक्यात होता.

आणि साहेब तुला जेआरडींचं उदाहरण देतील, पैज लावतो. सगळे देतात. १९८२ मध्ये ७८ व्या वर्षी कराचीहून मुंबईला एकट्यानं लेपर्ड मॉथ हे छोटं विमान उडवत आणलं, खरंय, आपली मान आजही आदरानं झुकते. पण मागे तिकीट काढलेला एकही माणूस नव्हता, आणि ऑपरेशन्समधून त्यांना एक्स्ट्रा सेक्टरसाठी फोन कोण करणार होतं?

त्यापेक्षा २०२५ मध्ये एअर इंडियानं पायलटांना ५८ वरून सरळ ६५ केलं ते उदाहरण दे त्यांना. असं करा म्हणावं. आकडा वाढवा, पण सरळ वाढवा.

आता काय करायचं ते. व्हॉट्सॲपवर उत्तर देऊ नकोस, तिथे सगळ्यांचे स्क्रीनशॉट फिरतात. फ्लाइटमध्ये तर अजिबात नको, टॉप ऑफ डिसेंटला, खाली यायला लागायच्या वेळी, हा विषय काढलास तर मीच कान धरीन. त्यांच्या घरी जा, सुट्टीच्या दिवशी. आणि हळू आवाजात, सर सर करत नको, नेहमीच्या आवाजात सांग की तिसऱ्या ओळीतलं 'कंपनीच्या गरजेनुसार' काढा आणि तिथे 'सर्व पात्र वैमानिकांना, एकाच नियमाने' लिहा. ते चिडतील. चिडू देत, माणूस चांगला आहे, मी ओळखतो त्यांना, फर्स्ट ऑफिसर म्हणून माझ्याच उजवीकडे बसायचे आणि तेव्हाही चिडायचे.

ओळ बदलली तर तू सही कर, कमांड मागे गेली तरी कर, आणि कागद माझ्याकडेही पाठव, निवृत्तांची सही चालत असेल तर माझी पण घ्या. नाही बदलली तर सही नाही. 'सर, या ओळीवर नाही' इतकंच म्हण, कारणं देत बसू नकोस. आणि पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर रोस्टर लागलं आणि काही चुकल्यासारखं वाटलं तर हात लिव्हरवर ठेवून गप्प बसू नकोस, तोंडानं बोल.

फोन करायचा तर चारनंतर कर, दुपारी मी झोपतो आता.