बाप्तिस्म्याची घाई करू नकोस

सदर, नागपूर

प्रिय बाळा, सलाम.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. आईचं ऑपरेशन पार पडलं, त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर आपण प्रार्थना केली होती, आणि आता तुला बाप्तिस्मा हवाय. आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पण आधी एक सांग. आई वाचली नसती, तर ही चिठ्ठी आली असती का?

रागावू नकोस. माझी बायको अशाच एका वॉर्डात गेली. प्रार्थनेत तेव्हाही काही कसूर नव्हती. येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. बाकीच्या नवांचा रोग त्यानं काही परत आणला नाही. बरं केल्याचं बिल तो लावत नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत आले, तेव्हा त्यानं तोंडावरच सांगितलं, तुम्ही भाकरीपायी आलात. त्या अध्यायाच्या शेवटी बरेच शिष्य निघून जातात. तो कुणाला अडवत नाही. उलट बाराजणांना विचारतो, तुम्हालाही जायचंय का?

माझ्या आजोबांना गावात लोक विचारायचे, ‘ख्रिस्ती झालास, काय मिळालं रे?’ आजोबा म्हणायचे, ‘होतं ते गेलं.’ आणि हसायचे. मला मात्र हा विश्वास घरच्या भांड्यांसारखा आयता मिळाला. तो माझा व्हायला चाळिशी उलटावी लागली, ते पुन्हा कधीतरी.

नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात ठेवला. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून टिळकांनी तो उघडला. वाचताना पेन्सिलीनं खुणा करायच्या, असा बेत. डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि पेन्सिल राहिली बाजूला. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत. नंतर त्याच्याबरोबर राहायला आल्या तरी सोवळं पाळून स्वतःची चूल वेगळी मांडली, आणि काही वर्षांनी स्वतःला पटलं तेव्हाच बाप्तिस्मा घेतला. मला विचारशील तर त्या घरात जास्त खरं त्यांचंच वाटतं.

आपल्या शहराला धर्मांतर म्हणजे काय हे शिकवायला नको. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्याला घोषणा केली, दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, इथं नागपुरात. मधली एकवीस वर्षं. त्यांची वाट वेगळी, पण ते थांबणं मला फार मोठं वाटतं.

मी एकदा घाई केली होती. एका पोराला मुलगी आवडली होती, तिच्या घरच्यांची अट होती, आधी बाप्तिस्मा. मला कळत होतं, तरी मी त्याला बाप्तिस्मा दिला. लग्न मोडलं आणि पोरगा मंडळीत दिसेनासा झाला. त्यात त्याच्यापेक्षा माझी चूक मोठी होती.

आता व्यवहाराचं. तुझ्याकडे अनुसूचित जातीचा दाखला असेल, तर राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर त्याच्या सवलती जातात. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आज तो आहे. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्च मोज, असं येशूनंच सांगितलंय. कुणी नोकरी, फी, औषधं यांचं आमिष दाखवत असेल, तर मला येऊन सांग, मी त्याच्याशी बोलतो.

येशू तुला हवा आहे का, एवढंच बघ. त्यानं काही दिलं नाही, तरी.

आईला हे पत्र वाचून दाखव. तिचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय. योहानाचा सहावा अध्याय वाच, नाही पटलं तिथं पेन्सिलीनं खूण कर आणि रविवारी उपासनेनंतर पुस्तक घेऊन घरी ये. दुपारचं ऊन टाळून निघ. तर्री-पोहे माझ्याकडे.

तुझा,
काका