पहिला खर्डा झाला, आता पुढे?

कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाला, मनापासून अभिनंदन! आता ‘सगळंच फसलंय’ असं वाटतंय ना? बहुतेकांना वाटतं. त्या भरात काही खोडू नकोस.

खर्डा निदान महिनाभर बंद ठेव. नवशिके इथेच घसरतात: दुसऱ्याच दिवसापासून पहिलं प्रकरण घासत बसतात, शेवट कच्चाच राहतो.

दुसरी चूक म्हणजे दहा जणांना एकदम वाचायला देणं. एकच वाचक निवड. ‘आवडलं का?’ नको, ‘कंटाळा कुठे आला, कुठली पानं गाळलीस?’ हे विचार.

मधल्या काळात हाताला काम देणारा छंद धर. विणकाम, बागकाम, काहीही. वही मात्र जवळ असू दे. कुंडीतली माती उकरताना अडलेला संवाद अचानक सुटतो, तो मातीच्या हातांनीच टिपून घे. पुनर्लेखनाचं तंत्र नंतर बघू.