झाकण तपासणीला पाठवण्याआधी एवढं वाचा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. जुन्या पितळी झाकणावर निळी-जांभळी छटा, काठाला रंग उडालेला. तसाच रंग येतो का पाहायला शिशाच्या द्रावणात वीज सोडून पितळाची नमुना-पट्टी रंगवून पाहिली तर एकसारखा निळा येण्याऐवजी वलयं उठतात. आणि आता झाकणावरचा रंग कसला हे कळायला मूळ झाकण प्रयोगशाळेत पाठवावं का, हा प्रश्न. मीही नेमका याच टप्प्यावर अडकलो होतो.

विद्युत जोडणी, सफाई वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो. वलयांचं आधी सांगतो. लिओपोल्दो नोबिली या इटालियन शास्त्रज्ञाला १८२६ मध्ये दिसली ती हीच वलयं, आणि त्यांतूनच विजेने धातूवर असे रंग चढवण्याची ही सगळी पद्धत निघाली. म्हणजे तुमचा प्रयोग फसलेला नाही. ॲनोडवर, म्हणजे धन टोकाला जोडलेल्या तुमच्या पट्टीवर, लेड डायऑक्साइडचा (शिशाच्या एका ऑक्साइडचा) अतिशय पातळ थर बसतो आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग त्या थराच्या जाडीमुळे दिसतात. त्यात रंगद्रव्य काहीच नाही. कॅथोडची, म्हणजे ऋण टोकाची, तार जिथे जवळ, तिथे प्रवाह जास्त आणि थर जाड. जसजसं लांब जावं तसतसा तो पातळ होतो, म्हणून वलयं. एकसारखा रंग हवा तर कॅथोड तारेचा नको, वस्तूच्या आकाराचा आणि सगळीकडून सारख्या अंतरावर हवा.

टायटॅनियमचं ॲनोडायझिंग (विजेने त्याच्यावर रंगीत ऑक्साइड चढवणं) केलेले लोक इथे हटकून चकतात. टायटॅनियमचं ऑक्साइड प्रवाह अडवतं, त्यामुळे व्होल्टेज ठरलं की जाडी ठरते आणि वाढ आपोआप थांबते. लेड डायऑक्साइड मात्र विजेचं चांगलं वाहक आहे. प्रवाह चालू आहे तोवर थर वाढतच राहतो. पिवळसर सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा, आणि निळ्यावर थांबला नाहीत तर रंगांची पुढची फेरी सुरू. अंतरातला फरक इथे आपोआप भरून निघत नाही. त्यामुळे व्होल्टेजचे तक्ते शोधत बसू नका, घड्याळ आणि डोळा हेच तुमचं माप.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडच्या वस्तूवर असाच रंग होता आणि तो नोबिलीच्या पद्धतीचाच आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. एका तपासणी प्रयोगशाळेकडे ती दिली. अर्जावर ‘पृष्ठभागावरील रंगीत थर तपासावा’ असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत एक्सआरएफ (क्ष-किरणांनी कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखणारी चाचणी) मापनाआधी पितळ घासून चकचकीत करतात, तसं त्यांनी केलं. अहवाल आला: तांबं, जस्त, थोडं शिसं, ‘कोणताही मुलामा आढळला नाही’. आढळणार कसा, त्यांनीच तो घासून काढला होता! विचारायला गेलो तर एक खिडकी म्हणे नमुना-विभागाला विचारा, नमुना-विभाग म्हणे अहवाल नियमानुसारच आहे. लेखी तक्रारीला उत्तर म्हणून त्याच अहवालाची दुसरी प्रत आली. मायक्रोमीटरच्या अंशाइतका तो थर, कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी जपून चढवलेला, आणि तो गेला तो कायमचा. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून इतकं लिहितोय.

सगळ्या प्रयोगशाळा अशा असतात असं माझं म्हणणं नाही. पण वस्तू देण्याआधी ‘घासणे, धुणे, कोणतंही द्रावण लावणे यांपैकी काहीही करायचं नाही’ असं लिहून त्यावर त्यांची सही घ्या. नाही म्हणाले तर वस्तू परत आणा. दुसरं, नुसतं एक्सआरएफ मागू नका. यंत्रकामाच्या पितळात दोन-तीन टक्के शिसं मुळातच असतं, त्यामुळे शिसं सापडलं म्हणजे थर सापडला असं होत नाही. शिसं कोणत्या संयुगात आहे हे कळायला रामन (लेसरच्या उजेडाने संयुग ओळखणारी) किंवा एक्स-रे विवर्तन (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारी) चाचणी लागते. त्यासाठीही वस्तू न खरवडता होईल का, ते आधी विचारा.

उडालेला रंग मूळ झाकणावर पुन्हा चढवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. सगळ्यांना पटेल असं नाही, पण अख्खं झाकण द्रावणात बुडवलं की शाबूत भागावरही थर वाढणार आणि तिथला निळाही हातचा जाणार. लॅकरही नको. वर पारदर्शक लेप आला की परावर्तनाचं गणित बदलतं, रंग मंदावतो आणि छटा सरकते. ब्रासो, लिंबू, चिंच यांचं तर नावच काढू नका.

पट्टीवरचे प्रयोग जरूर करा. लिथार्ज, म्हणजे मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड), कॉस्टिकमध्ये (तीव्र अल्कलीत) विरघळवलेलं द्रावण पितळाला शिशाच्या ॲसिटेटपेक्षा मानवतं, असा माझा अनुभव. कॅथोडवर स्पंजासारखं शिसं जमतं. ते वेळच्या वेळी काढा, नाहीतर कण सुटून पृष्ठभागावर डाग पडतात. हातमोजे आणि चष्मा हवाच, स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, शिशाचा कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या. मी रसायनतज्ज्ञ नाही, तेव्हा या बाबतीत माझ्यापेक्षा जाणकाराचं ऐका.

आणि आजच झाकणाचे फोटो काढून ठेवा. उजेड एकच, कोन एकच, शेजारी रंग ताडून पाहायला राखाडी कार्ड. कोन बदलला की छटाही थोडी बदलते, त्यामुळे प्रत्येक फोटोसोबत कॅमेऱ्याची जागा लिहून ठेवा.