चित्रांमध्ये दार आणि उजेड हे 'उमगण्याचं' प्रतीक का मानतात?

आमचं जुनं घर धाब्याचं, चाळीसगावकडचं. छताला उजेडासाठी एक भोक होतं. दुपारी त्यातून उन्हाचा खांब जमिनीवर उतरायचा अन् त्यात धूळ नाचताना दिसायची. एरवीही ती असायचीच, फक्त दिसत नसायची. उमगणंही तसंच: असलेलंच अचानक दिसू लागतं. चित्रकार नेमकं हेच वापरतात.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं, करवसुली करणाऱ्या मॅथ्यूला शिष्य होण्यासाठी ख्रिस्ताचं बोलावणं येतं ते चित्र पाहा (१५९९-१६००). चित्रात खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येतच नाही! तो येतो उजवीकडून, ख्रिस्ताच्या डोक्यावरून, आणि पैसे मोजत बसलेल्यांच्या तोंडावर पडतो.

दाराचं उदाहरण तर आपल्या जवळच आहे. जळगावहून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. १७ क्रमांकाच्या लेणीत भिक्षापात्र घेतलेला भव्य बुद्ध आणि समोर दारात यशोधरा-राहुल, दोघं एवढीशी. उंबऱ्याच्या आत संसार, बाहेर बोध. मला तरी ते चित्र काराव्हाज्जोपेक्षा जास्त मनाला लागतं.

अर्थात प्रत्येक दार प्रतीक नसतं. कधी कधी चित्रकाराला नुसता जागेचा खोलपणा दाखवायचा असतो.