जुन्या स्पोर्ट्स कारचे लिलाव आणि मामांच्या वाड्यातली हेराल्ड

तुम्ही विचारलंय की जुन्या स्पोर्ट्स कार लिलावात शेकडो कोटींना जातात, हे भाव ठरवतं कोण? ते असेच वाढत राहणार का? आणि अंबाजोगाईला मामांच्या वाड्यात १९६८ ची स्टँडर्ड हेराल्ड पंचवीस वर्षांपासून उभी आहे, ती विकावी, दुरुस्त करावी की तशीच ठेवावी?

मी लातूरच्या मोंढ्यात अडत दुकान चालवतो. गाड्यांचं वेड अण्णांकडून आलं, पण लिलाव मात्र माझ्या रोजच्या भाकरीचा आहे. गेली पंधरा-सोळा वर्षं दिवसा सोयाबीन-तुरीचा सौदा आणि रात्री परदेशातल्या गाड्यांचे लिलाव, असं दोन्ही बघत आलोय. म्हणून उत्तर जरा लांबेल.

तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच देतो, कारण त्यात घाई झाली तर भरून येत नाही. हे पूर्ण वाचेपर्यंत गाडीला हात लावू नका. धुऊ नका, रंगाला देऊ नका, आणि 'इंजिन खोलून बघतो' म्हणणाऱ्याला वाड्यात येऊ देऊ नका.

आता भाव कोण ठरवतं ते. सौदा निघतो तेव्हा खरेदीदार ढिगात हात घालून मूठभर सोयाबीन काढतो, तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली धरून ओल बघतो आणि मग आकडा बोलतो. सगळ्यात वरचा आकडा बोलणाऱ्यानं भाव ठरवला असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर तो ठरवतो दुसऱ्या नंबरचा माणूस. त्यानं जिथं मान हलवली, त्याच्या एक पायरी वर माल जातो. तो दुसरा त्या दिवशी मोंढ्यात आलाच नसता, तर तोच ढीग शंभर-दोनशे रुपये खाली गेला असता. गाड्यांचंही हेच आहे. बातमीत छापून येतो तो दोन हट्टी माणसांचा त्या घटकेचा आकडा. त्याला बाजारभाव म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट अडतीची. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया किंवा पॅरिसला लिलाव करणाऱ्या संस्था घेणाऱ्याकडूनही साधारण दहा-बारा टक्के किंवा त्याहून जास्त घेतात, आणि बातमीतली किंमत बहुतेक वेळा ही रक्कम धरून असते. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली असं सगळीकडे छापून आलं. हातोडा, म्हणजे शेवटची बोली, पडला होता ४ कोटी ४० लाखांवर. त्याच वर्षी दुसरी एक जीटीओ लिलावाबाहेर, आपल्याकडच्या रुमालाखाली बोटांच्या खुणांनी होणाऱ्या गुपचूप सौद्यासारखी, ७ कोटी डॉलरला गेल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे सगळ्यात महाग गाड्यांपैकी बऱ्याच उघड बोलीवर येतच नाहीत.

आजवरचा सगळ्यात मोठा आकडा ५ मे २०२२ चा. १९५५ ची मर्सिडीज ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे श्टुटगार्टला कंपनीच्याच संग्रहालयात, निवडक लोकांना बोलावून, १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली. तेव्हाच्या दरानं जवळपास ११०० कोटी रुपये. तुमच्या मनातला आकडा बहुतेक हाच असावा. अशा गाड्या बनल्या होत्या फक्त दोन. १९५५ च्या ल माँ शर्यतीत मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीच्या वर माणसं गेली, आणि त्या वर्षाअखेर कंपनीनं शर्यती सोडल्या. त्यामुळे ही बंद छपराची गाडी शर्यतीत कधी उतरलीच नाही. रुडॉल्फ उलेनहाउट नावाचे तिचे इंजिनिअर ती रस्त्यावर फिरवायचे, म्हणून तिला त्यांचं नाव.

आता आपल्याकडचं बघा. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटी रुपयांच्या. मराठवाड्याची मान ताठ झाली होती त्या दिवशी, माझीही झाली. पण त्यातली एखादी गाडी आज कुणी नव्याच्या किमतीला मागेल का? नाही. बॉनेटवरचा तारा तोच आहे. फरक इतकाच की तशा गाड्या जगात लाखांनी आहेत, आणि प्रत्येकीची गोष्ट एकच आहे, शोरूममधून निघाली आणि घरी आली. नाव मोठं असलं की किंमत चढते हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. किंमत चढते ती किती बनल्या, त्यातली ही कोणती, आणि ते कागदावर सिद्ध होतं का, या तीन गोष्टींवर.

मर्सिडीजचीच ३०० एसएल घ्या, पंखासारखे वर उघडणारे दरवाजे असलेली. १९५४ ते १९५७ मध्ये अशा १४०० बनल्या. चांगल्या गाडीचा भाव साधारण दहा ते वीस लाख डॉलरच्या घरात असतो. पण त्यातल्या २९ गाड्यांची बॉडी पत्र्याऐवजी ॲल्युमिनियमची होती. तशी एक जानेवारी २०२२ मध्ये ॲरिझोनाला ६८ लाख डॉलरला गेली. लांबून बघणाऱ्याला दोन्हीत काही फरक दिसणार नाही.

आणि कागदांबरोबर धूळही बोलते. फ्रान्समध्ये रोजे बायों नावाचे ट्रकच्या धंद्यातले गृहस्थ होते. जुन्या गाड्यांचं संग्रहालय करायचं स्वप्न होतं, पण धंदा बसला आणि गाड्या शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली कित्येक दशकं पडून राहिल्या. त्यात एक फेरारी २५० कॅलिफोर्निया स्पायडर होती, एके काळी नट ॲलाँ दलाँ यांची. तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचून ठेवलेले होते. लिलाव करणाऱ्यांनी त्या गाड्या धुतल्या नाहीत. धुळीसकट, गंजासकट फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडल्या. ती फेरारी १ कोटी ६३ लाख युरोला गेली. त्या धुळीखालच्या गाडीला नव्यानं रंगवण्या-सजवण्याचा कुणाचा हात लागला नव्हता. नवा रंग कधीही देता येतो. पहिला रंग एकदाच असतो.

हे मला फार उशिरा कळलं. अण्णांची १९६३ ची फियाट सुपर सिलेक्ट होती, स्टिअरिंगवर गिअर असलेली. २००९ मध्ये अण्णा गेल्यावर मी हौसेनं ती एका गॅरेजला दिली. त्यांनी इंजिनच्या ब्लॉकला, म्हणजे नंबर कोरलेल्या मुख्य ओतीव भागाला, चीर आहे म्हणून नंतरच्या पद्मिनीचं इंजिन बसवलं आणि जुना ब्लॉक किलोवर भंगारात घातला. रंगाच्या वेळी पुढची नंबरप्लेटही, म्हणजे कंपनीची ती बोटभर लांबीची पट्टी, काढली आणि हरवली. गाडी आरशासारखी चमकत होती. दोन वर्षांनी पुण्याहून एक जाणकार गृहस्थ बघायला आले. रंगाकडे त्यांनी पाहिलंही नाही. बॉनेट उघडलं, फडक्यानं ब्लॉकची कड पुसली, मोबाइलचा उजेड धरला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लागले. मी आरसी बुक हातात धरून बघत होतो. तिसऱ्या आकड्याला नंबर चुकला. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, बॉनेट हळू खाली ठेवलं आणि म्हणाले, "पट्टी तरी आहे का?" ती नव्हती. त्यांनी मनात जे धरून आले होते त्याच्या निम्म्याहून कमी सांगितलं, आणि त्यांचं बरोबर होतं. मी गाडी विकली नाही. पण तो ब्लॉक भंगारवाल्याच्या काट्यावर गेला त्या दिवशी मी दुकानात बसून होतो, ही गोष्ट आजही टोचते. चीर शिवता आली असती, निदान ब्लॉक कोपऱ्यात ठेवता आला असता.

भाव वाढतच राहणार का? तर नाही. २०२१ चा ऑगस्ट आठवतो? लातुरात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. पुढं उतरलं तरी कितीतरी शेतकऱ्यांनी 'पुन्हा दहा येईल' म्हणून माल घरात ठेवला, आणि शेवटी निम्म्याहून कमी भावात आणला. गाड्यांच्या बाजारानं हे १९८९ लाच पाहिलंय. १९८७ ला शेअर बाजार कोसळला, पैसा दुसरी जागा शोधू लागला. ऑगस्ट १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले आणि आता फेरारी मिळायच्या नाहीत अशी हवा झाली. ज्यांना गाडी चालवायची नव्हती तेही कर्ज काढून घेऊ लागले. जीटीओ एक कोटी डॉलरच्या वर गेली आणि चार-पाच वर्षांत तिच्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आली. जीटीओ एकूण ३६ च आहेत, तरी वाचली नाही. अलीकडे पुन्हा तसंच थोडं झालं. मॉन्टेरेच्या ऑगस्टमधल्या लिलावांत २०२२ ला एकूण ४७ कोटी डॉलरची विक्री झाली, २०२४ ला ३९ कोटींच्या आसपास. २०२३ ला तर मांडलेल्या गाड्यांतली जवळपास तीनातली एक न विकता परत गेली. मालकाच्या मनातल्या राखीव किमतीपर्यंत बोली पोचलीच नाही. बाजार कसा आहे हे विक्रमापेक्षा या परत गेलेल्या गाड्यांवरून जास्त कळतं. मोंढ्यातही आम्ही संध्याकाळी बिनसौद्याचे ढीग मोजतो.

खरा बदल पिढीचा आहे. माणूस पंधराव्या वर्षी ज्या गाडीचं चित्र वहीच्या पुठ्ठ्यात जपतो, ती तो पन्नाशीत पैसा आल्यावर घेतो. साठच्या दशकातल्या जॅग्वार ई-टाइपवर जीव टाकणारे लोक आता म्हातारे झाले. ई-टाइप बहात्तर हजारांच्या वर बनल्या, घेणारे कमी झाले, भाव नरमला. आता हात वर होतात ते ऐंशी-नव्वदच्या गाड्यांना. फेरारी एफ ४०, जुन्या पोर्शे, जपानी निसान स्कायलाइन जीटी-आर. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेली परदेशी गाडी आणायला मोकळीक आहे, म्हणून स्कायलाइनचं एकेक मॉडेल पंचविशीला आलं की तिकडून मागणी येते. मॅक्लारेन एफ १ एकूण १०६ बनल्या. त्यातली चारशे किलोमीटरही न चाललेली एक २०२१ ला २ कोटी डॉलरच्या वर गेली.

आता हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची ही गाडी मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिचं रूप इटलीच्या मिकेलोत्तींनी आखलं. तिचीच चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून ट्रायम्फनं १९६२ ला स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली, म्हणजे मामांच्या वाड्यात स्पिटफायरची थोरली बहीण उभी आहे. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, तसंच ई-टाइपचंही उलटतं. पण खोटी आशा लावणार नाही. स्पिटफायरच तीन लाखांच्या वर बनल्या, तीही परदेशात फार महाग जात नाही. हेराल्डच्या पैशात दोन एकर रान येईल असं धरून चालू नका. तिचं गिऱ्हाईक हौशी आहे, थोडं आहे, आणि ते पुणे-मुंबई-चेन्नई-कोइमतूरला आहे.

मामा हयात असतील तर पहिल्यांदा त्यांच्यापाशी बसा. गाडी कुणाकडून घेतली, कधी, पावती आहे का, आरसी बुक कुठल्या पेटीत आहे. तिच्यासोबतचे लग्नातले, सणावाराचे फोटो शोधा, तारखा मागे लिहून घ्या. मग दिवसा उजेडी चासी आणि इंजिनचा नंबर कोरड्या फडक्यानं पुसून फोटो काढा आणि आरसीशी ताडून बघा. खरवडू नका, पॉलिश पेपर लावू नका. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असेलच, पण जुनी वायर, तुटलेली काच, दिव्याची रिंग, काहीही फेकू नका. एका पोत्यात घालून डिकीत ठेवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून घ्या आणि गाडी ठोकळ्यांवर उचला.

जुलै २०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना आरटीओत व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन-रॅलीला आणि त्यासाठीच्या देखभालीला बाहेर काढता येते. मात्र चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. माझी फियाट नेमकी इथंच अडकली.

विकायची की ठेवायची हे नंबर जुळतात की नाही ते कळल्यावर ठरवू. तोवर रात्री ब्रिंग अ ट्रेलर नावाच्या संकेतस्थळावर झालेले लिलाव बघत जा, फुकट आहे. तिथं शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की वेळ पुन्हा दोन मिनिटांवर येते, त्यामुळे घड्याळ बघून कुणाला डाव साधता येत नाही. स्पिटफायर शोधा. कितीला गेली त्यासोबत कितीला *नाही* गेली तेही लिहून ठेवा. आणि त्या दोन नंबरांचे फोटो काढलेत की इथंच खाली कळवा की आरसीशी जुळले का. नंबर मात्र उघड्यावर टाकू नका, शेवटचे तीन आकडे झाकून टाका.