गिअरबॉक्स थांबेल, आधी नोव्हेंबरचा हप्ता थांबवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

«मी बडोद्यात मांजलपूरला राहतो, नोकरी हालोलला. वय 38. महिन्याला 1 लाख 20 हजार हातात येतात. घराच्या कर्जाचे 31 लाख आणि कार लोनचे 8 लाख बाकी आहेत, दोन्ही मिळून हप्ता 58 हजार. दोन वर्षांपूर्वी 2018 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस सेकंड हँड घेतली, 19 लाखांना. आता 82 हजार किलोमीटर झालेत आणि गर्दीत ती झटके मारते. एका गॅरेजने मेकाट्रॉनिक (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नियंत्रण युनिट) आणि क्लच बदलायचे पावणेतीन लाख सांगितले. दुसरा म्हणतो, 5 लाखांत बाहेरून गिअरबॉक्स मागवून गाडी मॅन्युअलच करून टाका, कटकट कायमची जाईल. मलाही क्लच दाबूनच गाडी चालवायला आवडते. शिवाय मॅन्युअल आरएस 230 भारतात कोणाकडे नाही, त्यामुळे पुढे भावही चांगला येईल. आज विकली तर 13-14 लाख येतील. 5 लाखांचं पर्सनल लोन 4 वर्षांसाठी 13.5 टक्क्यांनी मंजूर आहे. फेडायची चिंता नाही, कारण बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून बँकेत एफडीसारखी योजना घेतलीय. 5 वर्षं दरसाल 5 लाख भरायचे, 2029 ला दुप्पट मिळणार. दोन हप्ते भरलेत. पावती आणि गॅरेजचं कोटेशन जोडलं आहे. लोन घेऊ ना?»

लोन घेऊ नका आणि गाडी मॅन्युअल करू नका. त्याहून तातडीची गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही: येत्या नोव्हेंबरचा 5 लाखांचा हप्ता भरू नका. गाडीचं आधी सांगतो, ते लवकर आटपेल.

तुमची हौस खोटी नाही. ही गाडी 2017 मध्ये आपल्याकडे आली ती 2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 अश्वशक्ती आणि फक्त डीएसजी, म्हणजे 6 गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, घेऊन. युरोपात हीच गाडी 6 गिअरच्या मॅन्युअलमध्येही विकली गेली, आणि आपल्याकडची आधीची लॉरा आरएस तर मॅन्युअलच होती. म्हणजे भाग मिळतात, ते बसतातही, आणि मनापासून काम करणारा माणूस असेल तर गाडी चालेलही.

पण तुम्ही पाठवलेल्या कोटेशनवर एकच ओळ आहे: गिअरबॉक्स कन्व्हर्जन, 5,00,000. एवढंच. या कामाला गिअरबॉक्सखेरीज फ्लायव्हील लागतं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, क्लचचे वरचे-खालचे सिलिंडर, तीन पेडलांचा अख्खा संच, गिअर लिव्हर आणि त्याच्या केबल्स, माउंट. एक्सल जुळले नाहीत तर तेही. मग ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगावं लागतं की डीएसजीचा कॉम्प्युटर आता गाडीत नाही. ते नीट झालं नाही तर गाडी स्टार्टरलाच अडते किंवा डॅशवर कायमचा दिवा पेटलेला राहतो. यातलं काय काय 5 लाखांत धरलंय? मागवलेला बॉक्स नवा की वापरलेला? आयात शुल्क आणि जीएसटी कोणाच्या डोक्यावर? तीन महिन्यांनी दुसऱ्या गिअरला कुरकुर सुरू झाली तर कोण बघणार? एका ओळीच्या कोटेशनवर 5 लाख देऊ नयेत. अर्ध्यावर उघडून ठेवलेली गाडी गॅरेजमधून परत आणता येत नाही, मग तो मागेल तो आकडा द्यावा लागतो.

5 लाखांवर 4 वर्षं 13.5 टक्के, म्हणजे महिना साडेतेरा हजार आणि एकूण साडेसहा लाख. काम लाखाने वाढलं, आणि ते वाढतंच, तर आकडा साडेसात-आठच्या घरात जातो. हे सगळं 13-14 लाखांच्या गाडीवर, जिचं जुनं कर्जच अजून 8 लाख बाकी आहे. तुमचे हप्ते 58 हजारांवरून 71-72 हजारांवर जातील. 1 लाख 20 हजारांत घर, शाळा, औषधं, पेट्रोल धरून उरलेल्या 48 हजारांत महिना काढून बघा.

भाव वाढेल ही आशा सोडा. कारखान्यातून मॅन्युअल म्हणून आलेल्या दुर्मिळ गाडीला शौकीन माणूस जास्त मोजतो. गॅरेजमध्ये बदललेल्या गाडीला तो कमी देतो, कारण आत कोणी काय केलंय हे त्याला दिसत नाही. तुमच्या गाडीचा ग्राहक आधीच थोडा, या कामाने तो आणखी थोडा होईल.

आणि विमा. गॅरेजवाला म्हणेल, आरसीवर गिअरबॉक्स कुठे लिहिलेला असतो, काही होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीत बदल करण्याबाबत कडक आहे, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. पण पोलिसापेक्षा मला विमा कंपनीसाठी गाडी तपासणाऱ्या सर्व्हेअरची काळजी जास्त वाटते. तुमची गाडी भारतात फक्त डीएसजीमध्ये विकली गेली, हे त्याला मॉडेलच्या नावावरूनच कळतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी किती सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं ते तुम्ही पाहिलंय. तशा वेळी क्लेमसाठी गाडी उघडली आणि आत न कळवलेला गिअरबॉक्स निघाला, तर क्लेम नाकारायला कंपनीच्या हातात आयतं कारण येतं. पुढे कधीही असा बदल केलात तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं लेखी उत्तर घ्या.

मग झटक्यांचं काय करायचं? पावणेतीन लाखांवरही लगेच सही करू नका. या डीएसजीचे क्लच तेलात बुडालेले असतात, आणि ते तेल-फिल्टर दर 60 हजार किलोमीटरला बदलायचे असतात. तुमची गाडी 82 हजारांवर आहे. सर्व्हिसचा इतिहास काढून 60 हजारांच्या आसपासची नोंद शोधा. ती नसेल तर आधी तेल-फिल्टर बदलून घ्या आणि क्लचचं ॲडॅप्टेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं सेटिंग, नव्याने करून घ्या. 20-25 हजारांचं काम आहे. कधी कधी झटके तिथेच थांबतात. नाही थांबले तर तिसऱ्या ठिकाणी स्कॅन करून रिपोर्ट छापून घ्या, आणि मग ठरवा की दुरुस्त करून ठेवायची की दुरुस्त करून विकायची. विकलीत तर कार लोन फिटून 5-6 लाख हातात उरतात. क्लचची हौस असेल तर वर्ना टर्बो कारखान्यातूनच 6 गिअरच्या मॅन्युअलमध्ये येते, 160 अश्वशक्तीची. तीही सेकंड हँड बघा, पण कार लोन न घेता.

गाडीचं झालं. आता पावती.

तुम्ही ती एफडीचा पुरावा म्हणून जोडलीत. मी ती मोठी करून वाचली. वर डावीकडे विमा कंपनीचं नाव आहे, बँकेचं नाही. योजनेच्या नावात युनिट लिंक्ड हे शब्द आहेत. प्रीमियम भरण्याचा कालावधी 10 वर्षं आहे, 5 नव्हे. विमाधारक म्हणून तुमचं नाव, विमा रक्कम 50 लाख, पुढचा हप्ता नोव्हेंबर 2026. ही यूलिप आहे. बाबांनी चेक दिला एफडी समजून, आणि बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी निघाली तुमच्या नावावर.

71 वर्षांच्या निवृत्त माणसाला बँकेच्या काउंटरवर बसवून ही गोष्ट विकणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. बाबांच्या वयात स्वतःच्या नावावर अशी पॉलिसी जमत नाही, म्हणून मुलाचं नाव घालायचं, आणि पाच वर्षांत दुप्पट सांगून मोकळं व्हायचं. विकणाऱ्याचं कमिशन त्याच दिवशी पक्कं होतं. बाबा मात्र दर नोव्हेंबरला एक एफडी मोडतात.

दुप्पटचा हिशेब करून बघू. 25 लाख एकदम भरले असते तर 5 वर्षांत दुप्पट व्हायला दरसाल जवळपास पंधरा टक्के लागले असते. तुम्ही तर दरवर्षी 5-5 लाख भरणार आहात, आणि शेवटच्या हप्त्याला वाढायला एकच वर्ष मिळणार आहे. तेव्हा 50 लाख हातात यायला दरसाल 24 टक्के लागतात, सलग पाच वर्षं, सगळे चार्जेस कापून. पॉलिसीच्या कागदांत बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचं, पुढे किती मिळू शकेल याचा अंदाज दाखवणारं पान असतं. ते काढा. त्यावर 4 टक्के आणि 8 टक्के असे दोनच दर धरलेले असतात, कारण नियमच तसा आहे. दुप्पट हा शब्द तिथे कुठेही सापडणार नाही. खाली सही असते, आणि पॉलिसी तुमच्या नावावर असल्याने ती सही तुमचीच असणार. न वाचता केलेली.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. पॉलिसी तुमची, म्हणून पैसे तुमच्याच खात्यात येणार. 1 फेब्रुवारी 2021 नंतरच्या यूलिपमध्ये वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर असेल तर नफा करमुक्त राहत नाही, त्यामुळे कर तुम्ही भरणार. आणि ज्यांच्या आयुष्याची कमाई यात गेली त्या बाबांचा कागदोपत्री त्यावर काहीच हक्क नाही. पुण्याच्या बहिणीचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी केलाय. तिला हे ठाऊक आहे का? आणि आता याच पैशाच्या भरवशावर तुम्ही गिअरबॉक्ससाठी कर्ज काढता आहात. तो पैसा बाबांचा आहे. दुप्पट झाला तरी बाबांचाच.

बाबांकडे एकूण 42 लाख होते, त्यातले 10 गेले, 32 एफडीत आहेत, आणि पेन्शन महिना 3 हजार, असं तुम्ही लिहिता. हप्ते चालू ठेवले तर पुढच्या तीन वर्षांत आणखी 15 लाख जातील. दहाही वर्षं भरायचे म्हटलं तर 40 लाख लागतील, तेवढे त्यांच्याकडे नाहीतच.

पॉलिसी बंद केली तर सगळं बुडतं, अशी भीती घालून लोकांना भरत ठेवतात. यूलिपमध्ये तसं होत नाही. तिसऱ्या वर्षी हप्ता थांबवला तर कंपनी जास्तीत जास्त 4 हजार रुपये कापू शकते. उरलेली रक्कम वेगळ्या फंडात जाते, तिथे किमान 4 टक्के मिळतात, आणि 5 वर्षांचा लॉक-इन संपला की, म्हणजे नोव्हेंबर 2029 ला, परत मिळते. तुमच्या स्टेटमेंटवर आज 9 लाख 60 हजार दिसतात. ते तेव्हा पावणेअकरा लाखांच्या आसपास असतील. बाजार चांगला गेला आणि तुम्ही भरत राहिलात, तर याच पैशाचे कदाचित दीड-दोन लाख जास्त झाले असते, हेही मान्य. त्या दीड-दोन लाखांसाठी बाबांचे आणखी 15 लाख अडकवायला मी सांगणार नाही.

त्या 32 लाखांतले 25 ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. पोस्टात किंवा बँकेत, बाबांच्याच नावाने, मर्यादा 30 लाखांची आहे. सध्या व्याज 8.2 टक्के. दर तिमाहीला 51 हजार, म्हणजे महिना 17 हजार बाबांच्या खात्यात, कोणाकडे मागावे न लागता. नव्या करपद्धतीत एवढ्या उत्पन्नावर त्यांना कर बसत नाही. उरलेले 7 लाख एफडीतच राहू द्या, दवाखान्यासाठी. एफडी मुदतीआधी मोडायच्या असतील तर दंड किती ते आधी विचारा. ज्या दोन-चार महिन्यांत पुऱ्या होतायत त्या होऊ द्या.

तुमच्यासाठी एकच खबरदारी. पॉलिसी थांबली की तिच्यातला 50 लाखांचा विमाही संपतो, आणि तुमच्या पत्रात टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे गुंतवणूक नसलेल्या निव्वळ जीवन विम्याचा, शब्दही नाही. 39 लाखांची देणी, घरात लहान मुलगी. दीड कोटीची साधी टर्म घ्या, तुमच्या वयाला आणि सिगारेट नसेल तर वर्षाला 20 ते 30 हजार. अर्जात गाळलेलं काही नको, वैद्यकीय तपासणी होऊ द्या. ती पॉलिसी हातात आल्यावरच नोव्हेंबरचा हप्ता सोडा. वेळ पुरेसा आहे, आजच अर्ज करा.

आणि तक्रार करा. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज तुमच्याकडे आहे म्हणता, एफडी जैसा ही है, पाँच साल में डबल. तो पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ईमेलवर ठेवा. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी लिहा: एफडी म्हणून विकली, 10 वर्षांचा हप्ता सांगितला नाही, भरलेले 10 लाख परत द्या. पॉलिसी देण्याआधी केलेल्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंगही मागा. बँकेलाही त्याची प्रत द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणं घेतली जातात. पॉलिसी तुमच्या नावावर आहे, तेव्हा तक्रारही तुम्हीच करायची, पण एफडी मागितली होती हे बाबांच्या शब्दांत, त्यांच्या सहीने सोबत जोडा. यश येईलच असं नाही, कारण इलस्ट्रेशनवर तुमची सही आहे. पण असे मेसेज हातात असताना गप्प बसायचं काही कारण नाही.

हे सगळं बाबांना तुम्ही स्वतः सांगा, बँकेतल्या कोणाला घरी बोलावू नका. बहिणीलाही फोनवर घ्या.